परंपरेचे जतन आणि निवासी कलावंत : आयर्लंडचा अनुभव

आयर्लंडच्या नैर्ऋत्य भागात, कॉर्क आणि केरी या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, श्लीव लूखरा नावाचा डोंगराळ आणि पाणथळ मुलूख आहे. या मुलखातील ग्लाउनटेन येथील प्राथमिक शाळेत पॉड्रिग ओकीफ नावाचे शिक्षक होते. त्यांचे वडीलही त्याच शाळेचे मुख्याध्यापक होते. १९२० साली ओकीफ यांची नोकरी गेली. तेव्हापासून १९६३ मध्ये निधन होईपर्यंतची चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी फिडल वाजविण्यात आणि शिकविण्यात घालविली. फिडल म्हणजे आपल्या ओळखीचे व्हायोलिनच. लोकसंगीतात वाजविले जाते तेव्हा त्याला हे नाव. ओकीफ डोंगरातल्या वस्त्यांवर हिंडत आणि शेतकऱ्यांच्या घरी जाऊन शिकवणी करीत. रूढ पाश्चात्त्य स्वरलेखन शिष्यांना जड जाते, म्हणून ते स्वतःची सोपी लिपी वापरीत. ओळींमधील चार मोकळ्या जागा म्हणजे वाद्याच्या चार तारा आणि त्यांत लिहिलेला आकडा म्हणजे तारेवर ठेवावयाचे बोट. डेनिस मर्फी आणि त्यांच्या भगिनी ज्युलिया क्लिफर्ड हे नामवंत वादक याच शिकवणीतून तयार झाले.

ओकीफ यांच्या हयातीत अशा कामाला वेतन देणारी शासकीय योजना आयर्लंडमध्ये नव्हती. गावकऱ्यांनी दिले ते त्यांचे उत्पन्न. आज मात्र त्या देशात पारंपरिक गायक, वादक आणि नर्तक यांना ठरावीक मुदतीसाठी एखाद्या विद्यापीठात, कलाकेंद्रात किंवा जिल्ह्यात नेमून सार्वजनिक निधीतून मानधन देण्याची पद्धत रूढ झाली आहे. अशा कलावंतास 'निवासी कलावंत' म्हणतात. ही पद्धत कशी आली, ती कशी चालते आणि तिच्यात उणिवा कोणत्या, हे आपल्याकडील शिक्षकांना आणि स्थानिक संस्थांच्या कार्यकर्त्यांना जाणून घेण्यासारखे आहे. आयर्लंड हा लहान देश आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार आयर्लंड प्रजासत्ताकाची लोकसंख्या सुमारे साडेएक्कावन्न लाख, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी भरते. तरीही पारंपरिक कलेच्या बाबतीत या देशाने केलेले प्रयोग, आणि त्याने केलेल्या चुकाही, लहान नाहीत.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. निवासी कलावंत म्हणजे पारितोषिकविजेता नव्हे, आणि वृद्धापकाळी मानधन घेणारा कलावंतही नव्हे. पारितोषिक झालेल्या कामाबद्दल मिळते; निवृत्तिमानधन गरजेकडे पाहून मिळते. निवासी कलावंताला पैसे मिळतात ते त्याच्या पुढील काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या वेळेबद्दल. त्या वेळेचा एक भाग त्याने स्वतःच्या साधनेला द्यावयाचा आणि दुसरा भाग यजमान संस्थेतील विद्यार्थ्यांना किंवा त्या परिसरातील लोकांना. काही ठिकाणी राहण्याची सोय असते, काही ठिकाणी नसते; कलावंत आपल्या घरून ये-जा करतो आणि तरीही त्याला निवासी म्हणतात. नावावर जाऊ नये. महत्त्व त्याच्या उपस्थितीला आहे.

वाड्यांचा आश्रय

आश्रय देण्याची ही कल्पना आयर्लंडला नवी नाही. तेथील प्राचीन वाद्य म्हणजे हार्प. हे तंतुवाद्य त्या देशाच्या राजमुद्रेवर आणि नाण्यांवरही आहे. हार्पवादक सरदारांच्या वाड्यांवर राहत. धन्याची स्तुती, मर्तिकाचे शोकगीत, लग्नाचे वादन ही त्यांची कामे. टर्लो ओकॅरोलन (१६७० ते १७३८) यांची हकीकत प्रसिद्ध आहे. तरुणपणी देवीच्या आजाराने त्यांची दृष्टी गेली. मॅकडरमट रो घराण्यातील एका बाईंनी त्यांना हार्प शिकण्याची सोय करून दिली आणि शिक्षण पुरे झाल्यावर एक घोडा, एक वाटाड्या आणि थोडे पैसे देऊन मार्गाला लावले. पुढे जन्मभर ते एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर जात राहिले आणि यजमानांच्या नावाने चाली बांधीत राहिले. आज वाजविल्या जाणाऱ्या त्यांच्या अनेक चालींना या यजमानांचीच नावे आहेत.

जुनी आयरिश घराणी मोडली तसा हा आश्रयही मोडला. १७९२ साली बेलफास्ट शहरात हार्पवादकांचा मेळावा भरविण्यात आला, तेव्हा साऱ्या देशातून अवघे दहा आयरिश वादक जमले. त्यांतील डेनिस हेम्पसन नव्वदी ओलांडलेले होते आणि वाढविलेल्या नखांनी तारा छेडण्याची जुनी रीत त्या मेळाव्यात केवळ त्यांच्याकडे उरली होती. एडवर्ड बंटिंग या १९ वर्षांच्या तरुणाकडे चाली लिहून घेण्याचे काम देण्यात आले. चाली कागदावर आल्या; नखांची रीत मात्र हेम्पसन यांच्याबरोबर गेली. १८०८ साली बेलफास्ट हार्प सोसायटी स्थापन होऊन अंध मुलांसाठी वर्ग निघाला आणि आर्थर ओनील या वृद्ध अंध वादकाची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. लोकवर्गणीतून कलावंताला वेतन देऊन शिकविण्यास बसविण्याचा हा आरंभीचा प्रयत्न. निधी आटल्याने पाचएक वर्षांत तो बंद पडला.

बंटिंगच्या कागदांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु कागदावर काय उतरते आणि काय उतरत नाही, हा प्रश्न येथे पहिल्यांदा उभा राहिला आणि तो अजून संपलेला नाही.

संग्रहाचे युग

स्वतंत्र आयरिश राज्य स्थापन झाल्यानंतर शासनाने जे पहिले मोठे काम हाती घेतले ते संग्रहाचे. १९३५ साली आयरिश लोकसाहित्य आयोग नेमण्यात आला. त्याचे पगारी संग्राहक सायकलवरून खेडोपाडी जात. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील मुलांकडून गावच्या आजीआजोबांच्या कथा, म्हणी, उपचार आणि गाणी वह्यांमध्ये लिहून घेण्यात आली. प्राथमिक शिक्षकांच्या मदतीने झालेले इतके मोठे संकलन क्वचितच कोठे आढळेल. शिक्षक वाचकांनी याची विशेष नोंद घ्यावी.

संगीतासाठी शेमस एनिस यांना १९४२ साली नेमण्यात आले. पश्चिम किनाऱ्यावरील कॉनेमारा भागात त्यांनी कोलम ओ कीआन या एकाच शेतकरी-कोळ्याकडून दोनशेहून अधिक गाणी आणि चाली टिपल्या. गाणे टिपण्यापूर्वी त्या माणसाबरोबर शेतात काम करावे, होडी वल्हवावी, मग संध्याकाळी बसावे, असा त्यांचा क्रम असे. ते स्वतः उत्तम वादक होते. त्यामुळे समोरचा मनुष्य मोकळा होई.

आयोगाच्या संग्राहकांपाशी मेणाच्या नळीवर आवाज मुद्रित करणारे वजनदार यंत्र असे. नळ्या महाग आणि आयोगाचा निधी तुटपुंजा. म्हणून मजकूर वहीत उतरवून झाला की मेणाचा थर तासून नळी पुन्हा वापरण्यात येई. शब्द राहिले, आवाज गेला. संग्राहकांचा यात दोष नव्हता. उपलब्ध पैशांत त्यांनी जे केले ते थोर आहे. पण ज्या गायनात शब्दांइतकेच महत्त्व श्वासाला, मुरकीला आणि विरामाला आहे, त्या गायनाचे यात काय झाले असेल ते सांगावयास नको.

याच १९३५ साली शासनाने सार्वजनिक नृत्यगृहांसंबंधीचा कायदा केला. परवान्यावाचून सार्वजनिक नाच भरविण्यास त्याने बंदी केली. हेतू नीतिरक्षणाचा सांगण्यात आला. परंतु त्याचा बडगा शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरात भरणाऱ्या नाचाच्या बैठकींवरही पडला, आणि अनेक भागांत वादकांचे हक्काचे ठिकाण गेले. एकाच शासनाचा एक हात गाणी गोळा करीत होता आणि दुसरा हात ती जेथे गायिली जात त्या जागा बंद करीत होता. प्रशासनात असे घडते. एका खात्याचे दुसऱ्या खात्यास ठाऊक नसते.

त्याच प्रशासनातून चांगली माणसेही निघाली हे येथे नमूद केले पाहिजे. ब्रांडॉन ब्रानख हे कृषी खात्यातील अधिकारी. फावल्या वेळात त्यांनी नाचाच्या चालींचा इतका काटेकोर संग्रह केला की पुढे संग्रहाच्या कामासाठी त्यांना शिक्षण खात्यात घेण्यात आले. त्यांच्या संग्रहाचा पहिला खंड १९६३ साली प्रसिद्ध झाला.

नवनिर्मितीचा निकष

कलांना साहाय्य करण्यासाठी आयर्लंडमध्ये १९५१ च्या कायद्यान्वये कला परिषद स्थापन झाली. त्याच वर्षी मलिंगार येथे पारंपरिक वादकांनी 'कोल्तस' या नावाने ओळखली जाणारी संघटना उभारून संगीतमेळे सुरू केले. या दोन संस्थांचे मार्ग पुष्कळ काळ निरनिराळे राहिले. परिषदेचे लक्ष मुख्यतः साहित्य, चित्रकला, रंगभूमी आणि अभिजात संगीत यांकडे होते.

१९६९ साली कलावंतांना प्राप्तिकरात सूट देणारी प्रसिद्ध तरतूद झाली. ती कोणासाठी? स्वतंत्र आणि सर्जनशील कृती निर्माण करणाऱ्या लेखकासाठी, संगीतरचनाकारासाठी, चित्रकारासाठी आणि शिल्पकारासाठी. १९८१ साली 'ईसडाना' ही मान्यवर कलावंतांची संस्था स्थापन झाली. तिच्या गरजू सदस्यांना पूर्ण वेळ निर्मिती करता यावी म्हणून वार्षिक वेतन देण्याची सोय झाली. तेथेही कसोटी होती ती मौलिक निर्मितीची. दोन्ही योजना उदार होत्या आणि अन्य देशांनी त्यांची वाखाणणी केली. तथापि आजोबांकडून आलेले गाणे जसेच्या तसे, पण प्रत्येक वेळी थोडे निराळे गाणारा गायक यांत कोठे बसतो? त्याने नवे काही लिहिलेले नाही. त्याच्या नावावर कृती नाही. कायद्याच्या भाषेत तो जणू निर्माताच नव्हे.

या त्रुटीची किंमत काय होती हे जो हीनी यांच्या चरित्रावरून कळते. १९१९ साली कॉनेमारातील कार्ना परिसरात जन्मलेले हीनी हे 'शॅन-नोस' गायनाचे विसाव्या शतकातील एक श्रेष्ठ गायक होत. शॅन-नोस म्हणजे 'जुनी रीत'. आयरिश भाषेत, वाद्याच्या साथीवाचून, एकट्याने गावयाचे हे गायन. चाल तीच असली तरी प्रत्येक कडव्यात अलंकरण बदलते. हीनी यांच्याजवळ अशी शेकडो गाणी होती. त्यांना आपल्या देशात स्पर्धांतील मानसन्मान मिळाले, पण पोट भरेना. स्कॉटलंड आणि इंग्लंडमध्ये मजुरी केल्यानंतर १९६० च्या दशकात ते न्यू यॉर्कला गेले आणि तेथे एका मोठ्या निवासी इमारतीत द्वारपालाचे काम करू लागले. लोकांसाठी दार उघडणारा हा मनुष्य कोण आहे हे त्या इमारतीतील फार थोड्यांना ठाऊक असेल.

पुढे अमेरिकेतील सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाने त्यांना निमंत्रित कलावंत म्हणून बोलाविले. या विद्यापीठात १९६२ साली रॉबर्ट गार्फियास यांनी जगातील विविध संगीतपरंपरांच्या अभ्यासाचा विभाग सुरू केला होता. पुस्तकावरून नव्हे तर परंपरेतील गुरूकडून प्रत्यक्ष शिकावे, हे त्या विभागाचे तत्त्व. त्यासाठी निरनिराळ्या देशांतील कलावंतांना मुदतीने नेमण्यात येई. मराठी वाचकांना कदाचित ठाऊक नसेल की, मुंबईत चेंबूरला राहणारे आणि पनवेलजवळ पळस्पे येथे गुरुकुल उभारणारे रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनीही याच विद्यापीठात शिकविले होते. बीनकार आणि आयरिश गायक यांचे संगीत एकमेकांपासून फार दूर. पण दोघांनाही त्या विद्यापीठाने एकाच कारणासाठी बोलाविले.

हीनी यांना १९८२ साली अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान देण्यात आला. त्या सन्मानाचे ते पहिलेच वर्ष. १९८४ च्या मे महिन्यात सिॲटल येथे त्यांचे निधन झाले आणि देह कार्ना येथे नेऊन पुरण्यात आला. त्यांच्या गायनाचा आणि अध्यापनाचा मोठा ध्वनिसंग्रह त्या अमेरिकन विद्यापीठात आहे. आयरिश भाषेतील या गायकाला गाण्यावर निर्वाह करून देणारी जागा मिळाली ती परदेशात, आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत. याची खंत आयर्लंडमध्ये अनेकांनी व्यक्त केली आहे आणि ती योग्यच आहे.

कायद्यात बदल

१९८७ साली कला परिषदेच्या पुढाकाराने डब्लिन येथे आयरिश पारंपरिक संगीत अभिलेखागार स्थापन झाले. विद्यापीठांतही बदल होत होते. कॉर्क येथील विद्यापीठात शॉन ओ रीडा आणि पुढे मीहॉल ओ सूलवॉन यांनी पारंपरिक संगीताला अभ्यासक्रमात स्थान मिळवून दिले. ओ सूलवॉन यांनी १९९४ साली लिमरिक विद्यापीठात स्वतंत्र संगीतकेंद्रही काढले. पदवी नसलेला परंतु कलेत पारंगत असलेला वादक वर्गात शिकवू शकतो, ही गोष्ट यामुळे हळूहळू मान्य झाली. ही मान्यता मिळाल्यावाचून पुढची योजना शक्य नव्हती.

निर्णायक टप्पा म्हणजे २००३ चा कला कायदा. कलेच्या व्याख्येत 'पारंपरिक असो वा समकालीन' असे शब्द त्यात घालण्यात आले. 'सर्जनशील' या शब्दाच्या जोडीला अर्थ लावून सादर करणारी अभिव्यक्तीही आली. कायद्याच्या मसुद्यावर कडाक्याचा वाद झाला. पारंपरिक कलांसाठी कायम समिती असावी की नसावी, वेगळी समिती म्हणजे वेगळी चूल तर नव्हे, असे प्रश्न कलावंतांनीच उपस्थित केले. अखेर एका खास समितीने २००४ साली पारंपरिक कलांविषयीच्या धोरणाचा अहवाल दिला. त्यानंतर परिषदेने 'डेश' ही अनुदान योजना काढली. या आयरिश शब्दाचा अर्थ 'संधी'. पारंपरिक कलांसाठी वेगळा अर्ज, वेगळे परीक्षक आणि वेगळा निधी अशी सोय झाली.

आपल्या पंचायत सदस्यांच्या दृष्टीने त्या कायद्यातील आणखी एक कलम लक्षणीय आहे. प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने आपल्या क्षेत्रातील कलाविकासाची योजना तयार करून ती अमलात आणावी, असे त्यात बंधन आहे. अशी प्राधिकरणे आज ३१ आहेत. त्यांच्याकडे कला अधिकारी असतो. रस्ते, पाणी, घरबांधणी यांच्या जोडीने कलेचीही मागणी परिषदेच्या बैठकीत येते. निवासी कलावंतांच्या अनेक नेमणुका या पातळीवर, राष्ट्रीय कला परिषद आणि जिल्हा यांनी खर्च वाटून घेऊन, केल्या जातात.

प्रत्यक्ष काम

कॉर्कच्या विद्यापीठात कला परिषदेच्या साहाय्याने पारंपरिक निवासी कलावंताची नेमणूक होत आली आहे. हा कलावंत संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना भेटतो, त्यांच्याबरोबर वाजवितो, कार्यशाळा घेतो आणि मैफली करतो. परीक्षा घेणे हे त्याचे काम नव्हे. विद्यार्थी त्याच्याकडे कोणत्या चाली येतात हे विचारतातच. पण त्या कोणाकडून आल्या, कोणत्या प्रसंगी वाजवीत, जुने वादक कोठे ठेका सोडीत, हेही विचारतात. अभिलेखागारातील ध्वनिमुद्रणात यांतील पुष्कळसे सापडत नाही.

गॉलवे येथील विद्यापीठाने शॅन-नोस गायकासाठी अशीच योजना चालविली. तिला कला परिषद आणि ऊदरास ना गेलताख्ता यांचा आधार मिळाला. आयरिश भाषक प्रदेशास गेलताख्त म्हणतात; त्याच्या विकासासाठी १९८० साली स्थापन झालेले हे प्राधिकरण. त्याचे मुख्य काम उद्योग आणि रोजगार यांचे. तरी भाषेबरोबर कलाही आली पाहिजे, हे त्याने जाणले. या योजनेत कॉनेमारातील गायक-गायिका निवडण्यात आल्या. सायंकाळी होणाऱ्या कार्यशाळांना विद्यार्थ्यांप्रमाणेच शहरातील कोणासही विनामूल्य येता येई, आणि शिकविणे आयरिश भाषेत चाले. ज्यांचे आयुष्य घर, शेत आणि समुद्र यांत गेले त्यांना विद्यापीठाने गुरू म्हणून बोलाविले. हीनी यांच्या गावापासून हे विद्यापीठ मोटारीने दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे.

दुसरा प्रकार एकांताचा. मोनाहन जिल्ह्यात अनामकेरिग येथे नाट्यदिग्दर्शक टायरन गथ्री यांचा वाडा आहे. त्यांनी तो मृत्युपत्राने राष्ट्राला दिला आणि १९८१ पासून तेथे कलावंतांच्या निवासाची सोय आहे. आयर्लंड प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड या दोन्हींच्या कला परिषदा त्याला निधी देतात. सीमेच्या दोन्ही बाजूंना तीव्र संघर्ष चालू असतानाही ही भागीदारी टिकली, हे सांगितले पाहिजे. तेथे दिवसभर ज्याने त्याने आपले काम करावयाचे आणि रात्रीचे जेवण मात्र सर्वांनी एकत्र घ्यावयाचे, असा प्रघात आहे. अनेक जिल्हे आपल्या कलावंतांना तेथील मुक्कामाचा खर्च देतात. लेखक व चित्रकारांप्रमाणे पारंपरिक वादकही जातात. अटलांटिकमधील इनिश ईर या लहानशा बेटावरील आरस एना या कलाकेंद्रातही कलावंत मुक्कामास राहतात.

वेळेचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते ते इलन पाइप्स या वाद्यात. 'इलन' म्हणजे कोपर. कोपराखाली भाता दाबून हवेची पिशवी भरावयाची, दुसऱ्या हाताच्या दाबाने ती हवा सोडावयाची, बोटांनी चाल वाजवावयाची आणि मनगटाने साथीच्या नळ्यांच्या चाव्या दाबावयाच्या. सात वर्षे शिकणे, सात वर्षे सराव आणि सात वर्षे वादन झाल्यावर वादक तयार होतो, अशी तेथील जुनी समजूत आहे. १९६८ साली 'ना पीबरी इलन' ही वादकांची संस्था स्थापन झाली तेव्हा हे वाद्य वाजविणारे शंभरही उरले नसतील, असे म्हटले जाई. मघाशी उल्लेखिलेले ब्रांडॉन ब्रानख या संस्थेचे पहिले अध्यक्ष. वाद्य महाग आणि कारागीर मोजके, म्हणून संस्था नवशिक्यांना वाद्ये उसनी देते आणि वाद्य बनविण्याचेही शिक्षण देते. २०१७ साली युनेस्कोने या वादनकलेचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. हार्पवादनाचा समावेश २०१९ मध्ये झाला. यादीत नाव येणे हा गौरव आहे. पण ही कला वाचविली ती गेल्या अर्धशतकात ज्यांनी दर आठवड्याला मुलांना समोर बसवून शिकविले, त्यांनी.

पैसा आणि अडचणी

कला परिषदेला २०२५ साली शासनाकडून १४ कोटी युरो मिळाले. त्यात सर्व कलांचा समावेश आहे. २०२० साली परिषदेने कलावंताला योग्य मोबदला देण्याबाबतचे धोरण जाहीर केले. तत्पूर्वी 'प्रसिद्धी मिळेल' एवढ्या आश्वासनावर कलावंताला बोलाविण्याची सवय अनेक संस्थांना होती. ही सवय एकट्या आयर्लंडची नव्हे. २०२२ साली सुरू झालेल्या प्रायोगिक योजनेत तर नऊ हजारांवर अर्ज आले आणि त्यांतून चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे निवडलेल्या २,००० कलावंतांना आणि कलाक्षेत्रातील इतर व्यक्तींना आठवड्याला ३२५ युरो देण्यात आले. तेथे कोणतेही काम दाखविण्याची अट नव्हती. निवासी कलावंताची योजना याच्या उलट आहे : येथे निवड पारखून होते आणि लोकांमध्ये वावरण्याची जबाबदारी असते.

अडचणीही याच निवडीत आहेत. अर्ज लिहावा लागतो, उद्दिष्टे मांडावी लागतात, अंदाजपत्रक द्यावे लागते. जो उत्तम अर्ज लिहितो तो उत्तम गातोच असे नाही. सत्तरी ओलांडलेला गायक असा अर्ज आपण होऊन करील ही अपेक्षा व्यर्थ होय. म्हणून जाणकार संस्था स्वतः अशा माणसाकडे जातात, कला अधिकारी कागदपत्रे करून देतो. जेथे असा अधिकारी उत्साही असतो तेथे योजना फळते. नसतो तेथे तीच ती चार नावे फिरत राहतात.

दुसरी अडचण मुदतीची. सहा आठवड्यांत किंवा एका वर्षात ओळख होते, विश्वास बसतो, मुले येऊ लागतात, आणि नेमणूक संपते. पुढच्या वर्षी दुसरा कलावंत, कदाचित दुसरे वाद्य. विद्यापीठाला हे वैविध्य लाभदायक वाटते. खेड्यातील दहा वर्षांच्या मुलीला मात्र एकच गुरू सलग हवा असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या योजनेचे खरे न्यून हेच होय. कला परिषदेच्या अहवालात कार्यशाळांची आणि उपस्थितांची संख्या येते; नेमणूक संपल्यानंतर त्या मुलीने वाद्य ठेवून दिले की काय, हे कोणत्याच रकान्यात येत नाही.

तिसरा आक्षेप कलावंतांकडूनच येतो. गाणे घरात, शेजाऱ्यापाजाऱ्यांत व्हावयाचे. ते सभागृहात आणले की त्याचे 'सादरीकरण' होते, असे त्यांचे म्हणणे. या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र ज्या घरांतून आयरिश भाषाच निघून गेली त्या घरांत शॅन-नोस गायन पुन्हा आपोआप सुरू होणार नाही, हेही तितकेच खरे. त्यामुळे काही ठिकाणी निवासी कलावंताचे काम मुद्दामच व्यासपीठावरून खाली आणले जाते. तो शाळेत जातो, वृद्धाश्रमात जातो, आठवड्यातील एक रात्र गावच्या बैठकीत वाजवितो.

श्लीव लूखरा येथे अलीकडच्या वर्षांत हाच मार्ग घेण्यात आला. या मुलखाचे संगीत एक आहे, परंतु कारभार दोन जिल्ह्यांत विभागलेला. एकाने खर्च केला तर दुसऱ्याच्या हद्दीतील शाळा वगळावी लागणार, असा पेच होता. कॉर्क आणि केरी या दोन्ही जिल्हा प्राधिकरणांनी कला परिषदेच्या साहाय्याने मिळून निवासी वादकाची योजना आखली. नेमलेल्या वादकाने हद्दीच्या दोन्ही बाजूंना हिंडावे, तेथील मुलांना त्या मुलखाच्या चाली शिकवाव्यात आणि वृद्ध वादकांना भेटावे. पॉड्रिग ओकीफ यांनी आपल्या आकड्यांच्या लिपीत शिष्यांसाठी लिहून दिलेली पाने त्या भागातील लोकांनी जपून ठेवली आहेत. त्यांवरील चाली आजही तेथे वाजतात.